पिचरच्या खुणा आणि ‘च’ची भाषा

पिचर चेंडू टाकण्याआधी मान का हलवतो, हे बाबांनी मला प्रथम चुकीचे सांगितले. ते म्हणाले, “तो अंपायरला सांगतोय, मी अजून रेडी नाही.” बाबा क्रिकेटवर वाढलेले होते आणि बेसबॉलमधली प्रत्येक गोष्ट क्रिकेटच्या मापाने मोजत. या खेळाबद्दल त्यांना मुळातच शंका होती. कोपर वाकवून चेंडू फेकणाऱ्या गोलंदाजाला तिकडे पंच लगेच हटकतात आणि इकडे त्यालाच लोक डोक्यावर घेतात, हे त्यांच्या पचनी पडत नव्हते.

खरे कारण समोरच्या इमारतीतल्या काकांनी सांगितले. ते आमच्यासारखेच नागपूरचे, पण अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, आमच्या बारा वर्षे आधी आलेले, मोटारींच्या ब्रेकवर काम करणारे इंजिनियर. दारात आले की ते आणि बाबा एकमेकांना ‘जय भीम’ म्हणत आणि मग काका माझ्याकडे वळून विचारत, “काय स्कोअर, मास्तरीणबाई?” खरी मास्तरीण आई होती; पण मी वहीत रकाने आखून प्रत्येक सामना लिहून ठेवत असे, म्हणून ती पदवी मला मिळाली होती.

काकांनी शिकवले ते असे. कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसतो आणि दोन्ही मांड्यांच्या मध्ये हात नेऊन बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन बोटे म्हणजे वळणारा. पुढचे अर्थ प्रत्येक संघाचे निराळे. पिचरला ती सूचना पटली नाही तर तो मान हलवतो आणि कॅचर दुसरी खूण करतो. म्हणजे मान हलवणे हा नकार असतो. हजारो लोकांच्या देखत दिलेला, तरी कुणालाही ऐकू न जाणारा.

“आता गंमत ऐक,” काका म्हणाले. “दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागे, समोरच्या टीमचा रनर उभा असला, तर त्याला कॅचरची बोटं दिसतात की नाही?”

“दिसतात.”

“मग तो बॅटरला चुगली करणार. म्हणून तेव्हा कॅचर चार-पाच खुणा करतो. त्यातली एकच खरी. कोणती, ते त्या दोघांनाच माहीत.”

“म्हणजे बाकीच्या खोट्या?”

“खोट्या नाही गं. भरतीच्या.”

भरतीच्या खुणा ही कल्पना माझ्या मनात फार खोल गेली. त्या दिवसापासून मी घरातल्या मोठ्या माणसांकडेही दुसऱ्या बेसवर उभे राहून पाहू लागले.

ही गोष्ट २००६ सालच्या ऑक्टोबरातली आहे. मी दहा वर्षांची होते. वाचणाऱ्याला माझ्यासारखे चाचपडावे लागू नये म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवते. आई नागपूरच्या एका शाळेत मराठीची कायम शिक्षिका होती. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा तिने तीन वर्षांची बिनपगारी रजा घेतली होती आणि ती रजा त्या दिवाळीबरोबर संपत होती. परत जाऊन नोकरी राखायची की इथे राहून ती सोडून द्यायची, हे तिला ठरवायचे होते. मला यातले काहीही माहीत नव्हते. मला फक्त संशय होता.

आई-बाबांना माझ्यासमोर खासगी बोलायचे असले की ते ‘च’ची भाषा वापरत. इंग्रजीचा उपयोग नव्हता, ती मला त्यांच्यापेक्षा बरी येऊ लागली होती. ‘च’च्या भाषेचा नियम सोपा आहे: शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा. पाण्याचे ‘चणीपा’ होते, शाळेचे ‘चळाशा’. आई ही भाषा झऱ्यासारखी बोले. बाबा प्रत्येक शब्दाला अडखळत, आणि इंग्रजी शब्दांना तर हातच लावत नसत. ते जसेच्या तसे मध्ये पडत. त्यामुळेच मला कुलूप उघडता आले. सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी ऐकलेले शब्द वहीत उतरवले, त्यांची अक्षरे पुढेमागे करून पाहिली आणि अर्ध्या तासात नियम हाती आला. मी तो कुणालाही सांगितला नाही. ज्याला खुणा कळतात त्याने आपल्याला त्या कळतात हे कळू द्यायचे नसते, एवढे मी बेसबॉलमधून शिकले होते.

त्या वर्षी आमच्या भागाचा संघ अंतिम मालिकेत पोहोचला. शाळेत शिक्षिकांनीसुद्धा संघाच्या टोप्या घातल्या. माझा एक आवडता पिचर होता. त्याच्या वेगाचे सगळ्यांना कौतुक होते. मला तो आवडे तो त्याच्या नकारामुळे. कॅचरने दिलेली पहिली खूण तो क्वचितच स्वीकारी. टोपीच्या कडेखालून बघे, अगदी थोडी मान हलवी, पुन्हा बघे, पुन्हा हलवी आणि हवे ते मिळाल्यावरच हात उचले. चेहऱ्यावर मात्र काहीही नसे.

मालिकेचा पहिला सामना नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होता. सामने रात्री आठनंतर सुरू होत आणि माझी झोपायची वेळ साडेआठची. यावर बाबांनी तोडगा काढला. ते सामना व्हिडिओ टेपवर उतरवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो बघत असे. अख्खा सामना एका टेपवर मावावा म्हणून ते यंत्राची गती सर्वांत कमी ठेवत, त्यामुळे चित्र वाळू सांडल्यासारखे दिसे आणि कॅचरची बोटे मोजणे जवळजवळ अशक्य होई. घरात एक नियम ठरला होता: मी टेप पाहीपर्यंत निकालाबद्दल कुणी अवाक्षर काढायचे नाही.

आई-बाबा हा नियम इमानाने पाळत. सकाळी नाश्त्याला दोघेही निर्विकार चेहरे करून बसत. शाळेच्या दिवशी त्याचा उपयोग शून्य होता, कारण वीस मिनिटांनी बसमध्ये चढताच मला निकाल कळे. पण मला त्यातून एक प्रयोग सुचला. नाश्त्याच्या वेळी आईचा चेहरा पाहून मी वहीत अंदाज लिहायचा, ‘जिंकलो’ किंवा ‘हरलो’, आणि बसमध्ये खरा निकाल त्याच्या शेजारी मांडायचा.

पहिला सामना आम्ही हरलो. तो शनिवारी झाला होता. रविवारी सकाळी आईचा चेहरा उतरलेला होता, मी ‘हरलो’ लिहिले आणि टेपने ते बरोबर ठरवले. सोमवारी सकाळी तिचा चेहरा त्याहून वाईट होता. तिने माझ्या दुधात दोनदा साखर घातली आणि बाबांच्या चहात घातलीच नाही. बाबांनी तो तसाच प्यायला. मी ‘हरलो, मोठ्या फरकाने’ असे लिहिले. बसमध्ये पाय ठेवला तर मुले किंचाळत होती. आम्ही जिंकलो होतो.

माझी नोंद चुकली याचे मला वाईट वाटले नाही. मला भीती वाटली. आईच्या चेहऱ्याचा आणि सामन्याचा संबंध नव्हता. तिथे दुसरेच काही लपवलेले होते.

त्याच संध्याकाळी, मी गृहपाठ करत असताना, स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला: “चरतप चयचंजा.” मग बाबांचा, अडखळत: “चलाति… चकोन चगूसां.” मी वहीच्या शेवटच्या पानावर उलगडा केला. परत जायचं. तिला नको सांगू.

इथे व्याकरणाचा एक मुद्दा आहे. ‘जायचं’ या रूपात कोण जाणार हे सांगावे लागत नाही. ‘मी जाते’, ‘आम्ही जातो’ म्हटले की क्रियापद बोलणाऱ्याला उघडे पाडते. ‘जायचं’ मात्र कर्त्याला पोटात घेऊन बसते. दहाव्या वर्षी मला हे कळत नव्हते. मी कर्ता गृहीत धरला: आम्ही तिघे. शाळा, बस, काका, अंतिम मालिका, सगळे सोडून आम्ही परत जाणार आणि मला विमानात बसवल्यावर सांगणार.

मग मी पुरावे गोळा करू लागले. घरातल्या बॅगा मोजल्या. चार होत्या, पण मोठी बॅग पलंगाखालून पुढे ओढलेली होती. हिवाळा तोंडावर आला असूनही आईने मला नवे बूट घेतले नव्हते. बाबा फोनवर बोलताना बाल्कनीत जात आणि काचेचे दार ओढून घेत. यांतल्या प्रत्येक गोष्टीला साधे कारण असू शकत होते. पण भरतीच्या खुणांमधली खरी कोणती, हेच तर मला शोधायचे होते.

बुधवारी काका पार्किंगमध्ये डिकीतून किराणा काढत होते. मी सरळ विचारले, “काका, आम्ही परत जाणार आहोत का?”

“कुठे?”

“इंडियाला.”

काकांनी तांदळाची पिशवी खाली ठेवली. “तुला कोणी सांगितलं?”

खोट्या गोष्टीला माणूस आधी ‘नाही’ म्हणतो. ‘कोणी सांगितलं’ असे तो विचारतो, तेव्हा गोष्ट खरी असते आणि त्याला फक्त फुटलेली जागा शोधायची असते.

“कुणीच नाही. मीच विचारते आहे.”

“मग आईले विचार ना बाप्पा! मले काहून मधात घेते?”

काका एरवी अगदी शुद्ध बोलत. गडबडले की त्यांच्यातले नागपूर बाहेर येई. मी तेही वहीत लिहिले.

“बरं, मॅचचं बोल,” ते पिशवी उचलत म्हणाले. “काय करताहेत बघ आपले पिचर! बॅटरला टाकताना सुईच्या नेढ्यातून चेंडू काढतील. आणि पायाशी आलेला साधा बॉल उचलून आपल्याच माणसाकडे फेकायचा, तर तो गेला लांब.”

हे खरे होते. त्या मालिकेत आमच्या पिचरांच्या हातून पुन्हापुन्हा हीच चूक होत होती, आणि टेप बघताना माझा जीव खालीवर होई.

“असं का होतं, काका?”

“रोज ज्या दिशेला फेकतो, तिकडे हात आपोआप जातो. दुसरीकडे फेकायचं म्हटलं की डोकं मध्ये येतं.” आणि ते घाईने जिना चढून गेले.

शेवटचा सामना शुक्रवारी झाला. शनिवारी शाळा नव्हती, म्हणजे निकाल सांगायला बस नव्हती. त्या दिवशी घरातला नियम प्रथमच खरोखर उपयोगी पडला. जेवण झाल्यावर बाबांनी टेप लावली. बाबा सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मोज्यांच्या जोड्या लावत होते. आई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होती. मी जमिनीवर, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले होते.

सामना मध्यावर आला होता. चेंडू बॅटला जेमतेम लागून आमच्या पिचरच्या दिशेने घरंगळत आला. त्याने तो उचलला, वळला आणि फेकला. बेसवरच्या खेळाडूने हात लांबवला, पण चेंडू त्याच्या बाजूने निघून गेला.

“अरे!” बाबा ओरडले. काल हे सगळे त्यांनी पाहिलेले होते, तरी ओरडले.

तेवढ्यात मागून आई हलक्या आवाजात म्हणाली, “चजआ चगूसां?” आज सांगू?

बाबा म्हणाले, “चकोन. मॅच… चऊहो चदे.” नको. मॅच होऊ दे.

“चरतप चयचंजा, चरम चधीक चगूसां?” परत जायचं, मग कधी सांगू? ‘मग’चे ‘चगम’ व्हायला हवे होते. ‘च’च्या भाषेत आईची चूक मी प्रथमच ऐकली, आणि त्या चुकीने मला इतके घाबरवले की मी टीव्हीवरची नजर न हलवता विचारले:

“चणको चणारजा?”

कोण जाणार?

टीव्हीवरचे दोन समालोचक बोलत राहिले. मी मागे वळून पाहिले तेव्हा बाबांच्या हातात एकच मोजा होता.

“हिला येतं?” ते आईला म्हणाले.

“कधीपासून?” आईने मला विचारले.

“सप्टेंबरपासून.”

“म्हणजे आजीच्या ऑपरेशनचं…”

“हो.”

“आणि काकूंच्या पुरणपोळीबद्दल मी जे बोलले…”

“तेही. पण मी कुणाला सांगितलं नाही.”

“बापरे,” बाबा म्हणाले.

“बापरे काय? तुम्हीच म्हणत होता ना, पोरीला कळत नाही!”

“अगं, आम्ही तुला सांगणारच होतो बेटा,” बाबा माझ्याकडे वळून घाईने म्हणाले. “ठरलंच होतं आमचं. आपण हरलो ते तुला कळलं, की मग दोन्ही एकदम…” आणि थांबले.

“आपण हरलो?”

पडद्यावर अजून चार डाव बाकी होते. आईने कपाळाला हात लावला, तशी तिच्या बोटांवरची मेथीची पाने कपाळावर चिकटली. मला हसू येत होते आणि रडूही येत होते, आणि दोन्हींपैकी खरे कोणते हे मलाच कळत नव्हते.

आई उठली, टीव्ही बंद न करता फक्त त्याचा आवाज बंद केला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. “तू कर्ता विचारलास. मी जाणार आहे. मी एकटी.”

“आम्ही नाही?”

“नाही.”

पाच दिवस मी ज्या गोष्टीला घाबरत होते ती खोटी ठरली होती, आणि तिच्या जागी मी विचारही न केलेली गोष्ट येऊन बसली होती. आईने ओट्यावरच्या डब्यामागून एक लिफाफा आणला. शाळेचे पत्र होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हावे, न झाल्यास आपण स्वेच्छेने सेवा सोडली असे समजण्यात येईल.

“इथे तू शिकव ना,” मी म्हणाले.

“माझ्या व्हिसावर मला इथे काम करता येत नाही.”

“मग काम करू नकोस. तू आई आहेस ना?”

“आईची पोस्ट कायम आहे. तिथे हजर नाही झालं तरी कुणी काढत नाही.” ती हसायला गेली, पण ते तिला नीट जमले नाही.

“तू येशील परत?”

“एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या की मला कळेल.”

“म्हणजे नाही.”

“नाही म्हणजे नाही, आणि माहीत नाही म्हणजे माहीत नाही. दोन वेगळी उत्तरं आहेत. एक करू नकोस.” मग ती म्हणाली, “तिकीट अजून काढलेलं नाही. तुझं अगदीच नाही असलं तर तसं सांग. मी ऐकेन. पण नीट विचार करून सांग.”

बाबा म्हणाले, “अगं, तिच्यावर काय टाकतेस हे?”

“टाकत नाहीये. तिला विचारल्याशिवाय गेले, तर ती आयुष्यभर माझा चेहरा तपासत बसेल.”

मला दोन दिवस मिळाले. मी ते नेहमीच्या पद्धतीने घालवले: कागदपत्रे पाहिली. बाबांच्या फाइलमध्ये आमच्या व्हिसाचे कागद होते. बाबांच्या नावापुढे त्यांचा हुद्दा होता. आईच्या आणि माझ्या नावापुढे एकच शब्द होता, आणि शब्दकोशात त्याचा अर्थ निघाला: दुसऱ्यावर अवलंबून असणारी व्यक्ती. माझ्यापुढे तो ठीक होता. शाळेच्या पत्रात आईच्या नावाखाली ‘सहायक शिक्षिका’ असे टंकलेले होते, आणि त्याखाली मुख्याध्यापिकांनी शाईने एक ओळ लिहिली होती: ‘मुली तुमची आठवण काढतात.’ मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. ही शाईची ओळ भरतीची तर नाही ना, असाही संशय मला आला. पण पत्र शिक्षिकेला लिहिलेले होते आणि खोडाखोड कुठेही नव्हती.

सोमवारी नाश्त्याच्या वेळी मी आईला म्हणाले, “जा.” तिने विचारले, “नक्की?” मी हो म्हटले. ते पूर्ण खरे नव्हते. तिने माझ्याकडे एक क्षण जास्त पाहिले. तिच्याही ते लक्षात आले असावे.

ती नोव्हेंबरमध्ये गेली आणि शाळा उघडली त्या दिवशी हजर झाली. हिवाळाभर बाबांनी मला डब्यात खिचडी दिली. रविवारी काकू भाजी पाठवत. आई आठवड्यातून दोनदा फोन करी. “बरी आहेस?” या तिच्या प्रश्नामागे काय आहे याचा मी दर वेळी विचार करी आणि माझ्या “हो”मागे काय आहे याचा ती करीत असावी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिने सांगितले, ती नोकरी सोडणार नाही. हे सांगताना तिने ‘मी’ हा शब्द स्पष्ट उच्चारला. फोन ठेवल्यावर बाबा बाल्कनीत गेले, पण दार त्यांनी उघडे ठेवले. मेमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये आम्ही दोघे नागपूरला पोहोचलो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशी सहावीच्या वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसले होते. आई आत आली, मुली उभ्या राहिल्या, मीही राहिले. ती घरच्यापेक्षा उंच दिसत होती. तिने टेबलावर हजेरीपुस्तक उघडले आणि नावे वाचायला सुरुवात केली. माझे नाव आले तेव्हा तिने ते आधीच्या आणि नंतरच्या नावांसारखेच, त्याच आवाजात, मान वर न करता वाचले. मी “हजर, बाई” म्हणाले, खाली बसले, आणि पुढची सगळी नावे संपेपर्यंत तिचा चेहरा पाहत राहिले.